प्रवासातील छायाचित्र आणि अनपेक्षित विषय

प्रवासात, समोरच्यास कळू न देता टिपलेल्या छायाचित्राचा ‘विषय’ कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. छायाचित्रकाराने जे टिपावयाचे योजिले तो विषय, की पाहणाऱ्याची दृष्टी जेथे खिळते तो? दोहोंत पुष्कळदा अंतर पडते.

१२ मे १९३७ रोजी लंडन येथे सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. पॅरिसच्या एका दैनिकासाठी आंरी कार्तिए-ब्रेसाँ तेथे गेले आणि राजाकडे पाठ फिरवून त्यांनी बघ्यांची चित्रे घेतली. ट्रॅफल्गर चौकातील चित्रात कठड्यावर प्रेक्षक दाटीवाटीने बसले आहेत आणि खाली, वर्तमानपत्रांच्या ढिगावर, एक गृहस्थ गाढ झोपी गेला आहे. आता शीर्षकातील ‘राज्याभिषेक’ हा शब्द झाकून चित्र पाहावे. उरतो तो केवळ एक झोपलेला माणूस. तो अनपेक्षित ठरतो तो त्या शब्दामुळे. व्याकरणात ‘पण’ हे अव्यय जे कार्य करते, तेच येथे शीर्षक करते. म्हणून अनपेक्षितता हा वस्तूचा गुण नव्हे. तो शब्द आणि चित्र यांमधील संबंध होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरा प्रकार याहून निराळा. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचा ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा ग्रंथ १८४४ ते १८४६ या काळात भागशः प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजच्या चित्रासोबत ते नमूद करतात की, चित्र घेताना ध्यानीमनी नसलेल्या कितीतरी गोष्टी मागाहून भिंगातून पाहता आढळतात: इमारतींवरील लेख व सनावळ्या, भिंतींवरची छापील पत्रके, दूरच्या घड्याळाची तबकडी. येथे छायाचित्रकाराने विषय शोधलेलाच नसतो. तो वाचकाच्या हाती लागतो, कधी कधी फार उशिरा. (यांतील बहुतेक गोष्टी लिखित आहेत, याकडे भाषाभ्यासकाचे लक्ष गेल्यावाचून राहू नये.)

बोलींच्या पाहणीसाठी गावोगाव हिंडणारे आपले विद्यार्थी छायाचित्रे आणतात, आणि निवेदक मध्यभागी यावा म्हणून कडा छाटून टाकतात. छाटलेल्या भागात दुकानाची पाटी असते, तिच्यावरील शुद्धलेखन असते. मूळ चित्र तसेच ठेवून मागे स्थळ व दिनांक लिहावा. निवेदकाची संमती मागाहून तरी घेता येते. ट्रॅफल्गर चौकातील त्या निद्रिस्ताला मात्र आपण चित्रात आहोत याची त्या क्षणी कल्पनाही नव्हती.