पार्टनरची खुर्ची

अटलांटाची ‘किंग अँड स्पाल्डिंग’ ही अमेरिकेतली वकिलांची बडी फर्म. १८८५ साली सुरू झालेली, कोका-कोलासारखे अशील सांभाळणारी. १९७२ मध्ये एलिझाबेथ हिशन तिथे नोकरीला लागल्या. चांगलं काम केलंत तर पाच-सहा वर्षांत पार्टनर व्हाल, म्हणजे नफ्यात वाटा नि कारभारात मत, असा शब्द मिळाल्याचं त्यांचं म्हणणं. पार्टनर पन्नासच्या वर, पण त्यात बाई एकही नाही! १९७८ आणि १९७९, दोन्ही वेळा हिशनबाईंना नकार मिळाला. मग नोकरीही सुटली.

बाई गप्प बसल्या नाहीत, कोर्टात गेल्या. पार्टनर निवडणं हा आमचा खासगी मामला, असं फर्म म्हणाली. खालच्या दोन्ही कोर्टांनी तेच मानलं. पण २२ मे १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बजावलं, की नोकरी देताना पार्टनरकीचा शब्द दिला असेल, तर केवळ बाई म्हणून डावलता येणार नाही. पुढे खटला तडजोडीने मिटला.

त्या न्यायाधीशांत सँड्रा डे ओ’कॉनरही होत्या. कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांना एका मोठ्या फर्मने सेक्रेटरीची नोकरी देऊ केली होती!

मैत्रिणींनो, बढती ही मेहेरबानी नव्हे; कामाचा मोबदला आहे.