संसार ट्रकमध्ये चढण्यापूर्वी

बदलीचा हुकूम हातात पडला की घरात आधी मुलांच्या शाळेची चर्चा सुरू होते, मग नव्या गावातल्या भाड्याच्या घराची. सामान कोण नेणार, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यापर्यंत तसाच पडून राहतो. मग कोणीतरी इंटरनेटवर 'पॅकर्स अँड मूव्हर्स' शोधतो, एका ठिकाणी मोबाईल नंबर टाकतो आणि पुढच्या दहा मिनिटांत सात-आठ फोन येतात. एक जण २८ हजार सांगतो, दुसरा २२ हजार. तिसरा मात्र अगदी आपलेपणाने म्हणतो, "मॅडम, १५ हजारांत सगळं करून देतो, पॅकिंगसकट. तुम्ही फक्त चहा पाजा." साहजिकच काम त्या तिसऱ्याला मिळते.

पुण्याहून हैदराबादला निघालेल्या दोन खोल्यांच्या संसाराची कल्पना करा. सकाळी चार पोरे येतात, दुपारपर्यंत भराभर खोकी बांधतात, संध्याकाळी ट्रक निघतो. घरची मंडळी रात्रीच्या गाडीने पुढे जातात. दुसऱ्या दिवशी फोन येतो. ट्रक सोलापूरच्या पुढे आहे, पण सामान ठरल्यापेक्षा जास्त निघाले, टोल वेगळा, जीएसटी वेगळा, राज्याच्या हद्दीचा कर वेगळा. आणखी १८ हजार टाका, नाहीतर माल गोदामात उतरवू आणि गोदामाचे भाडे रोजचे चढेल. आपले कपडे, भांडीकुंडी, मुलांची पुस्तके, आजेसासूबाईंचा पितळी देव्हारा, सगळे त्या ट्रकमध्ये असते. अशा वेळी माणूस भांडत नाही, पैसे भरतो. या धंद्यातल्या लबाड मंडळींचे सारे गणित या एका क्षणावर बेतलेले असते.

नाव एक, कंपन्या अनेक

जी नावे वर्षानुवर्षे लोकांच्या परिचयाची आहेत, त्यांना एखादे अक्षर वा शब्द जोडून नव्या कंपन्या निघतात. पाटी तीच वाटते, रंगही तोच असतो. नावाजलेल्या अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या मालक कंपनीने तर थेट गूगलविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. आपले नाव शोधणाऱ्यांना पैसे भरून झळकणाऱ्या दुसऱ्याच कंपन्यांच्या जाहिराती दिसतात, अशी तिची तक्रार होती. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, जाहिरातींच्या या व्यवहारात गूगल निव्वळ त्रयस्थ नाही आणि नावाच्या हक्काचा भंग होत असेल तर त्याला जबाबदारी आपोआप झटकता येणार नाही. निकाल कंपन्यांमधल्या वादाचा होता, पण ग्राहकाने त्यातून एवढे ओळखावे की शोधल्यावर सर्वांत वर दिसणारे नाव हे बऱ्याचदा पैसे भरून वर आलेले असते.

म्हणून नावाऐवजी कागद पाहावेत. रस्त्याने माल वाहून नेण्याच्या धंद्याला २००७ चा कायदा लागू आहे. तो १ मार्च २०११ पासून अमलात आला आणि त्याने १८६५ चा इंग्रजांच्या काळातला कायदा मोडीत काढला. या कायद्याप्रमाणे लोकांचा माल भाड्याने नेणाऱ्याला परिवहन खात्याकडे नोंदणी करावी लागते. स्वतःचा ट्रक नसलेले बुकिंग एजंट आणि दलालही त्यातून सुटत नाहीत. तेव्हा नोंदणीचा दाखला मागायला संकोच करू नये. "ऑफिसात आहे, नंतर पाठवतो" असे उत्तर मिळाले तर आगाऊ रक्कमही नंतरच द्यावी.

दुसरी खूण जीएसटी क्रमांकाची. तो १५ अक्षरे-अंकांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, तेलंगणाचे ३६. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक घातला की धंद्याचे कायदेशीर नाव दिसते आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली तेही कळते. पैसा लागत नाही, दोन मिनिटांचे काम आहे. बिलावर एक नाव, जीएसटीत दुसरे आणि आगाऊ रक्कम मागितली ती तिसऱ्याच कोणाच्या खासगी खात्यावर, असे दिसले तर तिथून उठावे हे बरे.

'आयबीए मान्यताप्राप्त' हा शब्द बहुतेक जाहिरातींत असतो. आयबीए म्हणजे भारतीय बँक संघ. ज्या वाहतूकदारांच्या बिल्टीवर बँका व्यवहार करू शकतात, त्यांची यादी हा संघ ठेवतो. बँक किंवा सरकारी नोकरीतल्यांना बदलीचा खर्च मिळवताना काही कार्यालये असेच बिल मागतात, म्हणून आपल्या आस्थापना विभागाला आधी विचारून घ्यावे. पण यादीत नाव असणे म्हणजे तुमची काचेची भांडी नीट बांधली जातील याची हमी नव्हे. शिवाय नाव खरोखर यादीत आहे का, तेही तपासावेच लागते.

फोनवरचा दर दर नव्हे

सामान न पाहता सांगितलेला दर म्हणजे फक्त बुकिंग मिळवण्याची युक्ती. माणूस घरी आला पाहिजे, निदान मोबाईलवरून व्हिडिओने घर पाहिले पाहिजे. आणि त्याला दिवाणखाना दाखवून थांबू नये. माळा, पलंगाखालचे कप्पे, बाल्कनीतली सायकल, गच्चीवरच्या कुंड्या, जिन्याखालचा पाटा-वरवंटा, सगळे दाखवावे. दर कमी पडावा म्हणून सामान लपवणारेही असतात. 'सामान जास्त निघाले' हे हत्यार ते आपल्याच हाताने समोरच्याला देतात.

दाखवण्याचे हे काम घरात सामान कुठे काय आहे ते ज्याला ठाऊक असेल त्याने करावे. बहुतेक घरांत ती गृहिणी असते, पण घासाघीस करायला मात्र यजमान बसतात आणि माळ्यावरच्या चार ट्रंका हिशेबातून निसटतात.

दर लेखी घ्यावा. त्यात गाडी किती फुटी ते हवे, १४, १७ की १९. ती पूर्ण तुमच्यासाठी आहे की 'पार्ट लोड', म्हणजे दोन-तीन घरांचे सामान एकत्र, हेही हवे. पार्ट लोड स्वस्त पडतो, पण वाटेत गोदामात माल उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो आणि पोहोचायला दिवस लागतात. प्रत्येक चढउतारीला खोके आपटण्याची एक संधी वाढते. थोडे सामान आणि घाई नसलेला एकटा जीव असेल तर ही सोय उत्तम आहे. भरलेल्या संसाराला मात्र स्वतंत्र गाडीच परवडते, दोन पैसे जास्त गेले तरी.

लिफ्ट नसेल तर मजल्यागणिक हमाली किती, हे आधी ठरवावे. नव्या इमारतीच्या गल्लीत मोठा ट्रक शिरत नसेल किंवा शहरात दिवसा जड वाहनांना बंदी असेल, तर सामान 'छोटा हत्ती'त घालून आणावे लागते. ते भाडे कोण देणार? टोल, पलंग-कपाट खोलणे आणि पुन्हा जोडणे, जीएसटी, हे सर्व दरात धरले आहे का? या प्रश्नांची उत्तरे कागदावर असली की वाटेतला फोन येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

हद्दीवरच्या कराबद्दल मुद्दाम सांगायला हवे, कारण त्याच्या नावाने अजूनही पैसे उकळले जातात. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपली. घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिलाची सक्तीही नाही, नियमांतच तशी सूट आहे. तेव्हा 'ई-वे बिलाचे अडीच हजार' हा आकडा दिसला तर तो खोडायला सांगावा.

रक्कम कधीही पूर्ण आगाऊ देऊ नये. थोडी बुकिंगला, काही सामान चढल्यावर आणि लक्षात येण्याजोगा हिस्सा सामान घरात उतरल्यावर, असे ठरवावे. शाळा संपतात तो एप्रिल ते जूनचा काळ आणि कोणत्याही महिन्याची अखेर या दिवसांत दर चढे असतात. महिन्याच्या मधल्या आठवड्यात निघता आले तर भाव करायला जागा मिळते.

विमा कोणी उतरवला?

दरपत्रकात 'इन्शुरन्स ३ टक्के' अशी ओळ असते आणि आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात ही रक्कम अनेकदा वाहतूकदाराच्याच खिशात राहते आणि विमा कंपनीला त्याचा पत्ताही नसतो. प्रमाणपत्र विमा कंपनीने दिलेले असावे. त्यावर तुमचे नाव, कुठून कुठे, सामानाची यादी आणि किंमत असावी, आणि ते गाडी सुटण्यापूर्वी हातात यावे.

त्यातही प्रकार आहेत. देशातल्या देशात होणाऱ्या वाहतुकीच्या विम्यात 'अ', 'ब', 'क' अशी कलमे असतात. 'क'मध्ये जवळजवळ आग आणि वीज एवढेच येते. 'ब'मध्ये गाडीची टक्कर, गाडी उलटणे यांसारखे अपघात वाढतात. आरसा फुटला, फ्रिजला पोचा आला, खोके हरवले, ही आपली खरी भीती. ती बहुतांशी 'अ'मध्ये बसते. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातली मोडतोड मात्र अनेक विमा कंपन्या मान्य करीत नाहीत. म्हणून काचसामान बांधायचे काम त्यांच्याच माणसांना करू द्यावे, हौस असली तरी.

विमा नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी कायद्याने किती? साधारणपणे भाड्याच्या दहापट, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीच्या मर्यादेत. २० हजार भाडे असेल तर जास्तीत जास्त दोन लाख. बुकिंगच्या वेळी जास्त जोखमीचा दर भरला तरच ही मर्यादा वाढते. घाईत किमतीच्या रकान्यात 'जुने घरगुती सामान, पाच हजार' असे लिहून सही केली, तर भरपाई त्या पाच हजारांपाशीच अडते.

यादी आणि बिल्टी

प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावा आणि यादीच्या दोन प्रती कराव्यात. दोन्हीवर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. 'किचन ६ खोकी' एवढे पुरेसे नाही. मिक्सर कोणत्या खोक्यात, कुकर कोणत्यात, ते लिहावे. टीव्ही, फ्रिज, धुलाई यंत्र चालू स्थितीत असताना त्यांचे फोटो काढावेत, आधीचे ओरखडेही दिसतील असे. गाडी निघताना बिल्टी, गाडीचा नंबर आणि चालकाचा मोबाईल नंबर घेतल्याशिवाय दार सोडू नये.

काही गोष्टी ट्रकमध्ये घालायच्याच नसतात. दागिने, घराचे कागद, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, रोजची औषधे आपल्यासोबत. लोखंडी कपाटाचे लॉकर रिकामे करून किल्ली पर्समध्ये. गॅसचे सिलिंडर तर मुळीच नाही. ते आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे, अनामत परत मिळते आणि नव्या गावी त्या व्हाउचरवर जोडणी होते. लोणच्याची बरणी जपून न्यायची असेल तर तीही मांडीवरच. तेल एकदा गळू लागले की शेजारच्या खोक्यातले शालू कोणताही विमा परत आणत नाही. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करावा आणि उभाच न्यावा. समोरून दार उघडणाऱ्या धुलाई यंत्राचे ड्रम पकडून ठेवणारे बोल्ट यंत्र घेताना मिळालेले असतात, ते शोधून लावून घ्यावेत.

गाडी अडवली तर

सामान उतरताना यादी घेऊन दारात एकाने उभे राहावे. मोडतोड दिसली तर पोचपावतीवर सही करण्यापूर्वी त्याच कागदावर तसे लिहावे. हमाल घाई करतील, त्यांची दुसरी गाडी उभी असते. आपण घाई करू नये. नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत मिळाली पाहिजे, नाहीतर पुढे दावा लावता येत नाही. विमा कंपनीला मात्र त्याच दिवशी कळवावे.

जास्त पैशांसाठी सामान अडवून ठेवले, तर लेखी दर आणि बिल्टी घेऊन पोलीस ठाणे गाठावे. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) मध्ये त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. 'हा तुमचा आपसातला मामला' असे ऐकावे लागले तर हे कलम सांगता येते. आणि ट्रकवाल्यालाही फोनवर ते ऐकवायला हरकत नाही, पुष्कळदा तेवढ्याने आवाज खाली येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक जवळ असावा.

भरपाईसाठी जुन्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही आता जिथे राहता, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ती दोन वर्षांच्या आत करायची आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सोबत लेखी दर, सह्यांची यादी, बिल्टी, विम्याचे प्रमाणपत्र, फोटो आणि नोटिशीची पोच जोडावी. वकील न लावता स्वतः बाजू मांडायलाही मुभा आहे.