सॉल गुडमन दापोडीत असता तर?

लोकलमध्ये इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटणाऱ्यांसाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. बोललो होतो तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त माझे दोनशे वेळा आलेले 'म्हणजे' काढलेत. ऑडिओमध्ये मधेच खडखड ऐकू येते ती लोकल आहे. रूळ घराच्या मागेच आहेत, दापोडीत राहायचं तर एवढं चालायचंच.

आजचा विषय 'बेटर कॉल सॉल'. बरेच दिवस तुम्ही मेसेज करत होता. आधीच सांगतो, शेवटापर्यंतच्या गोष्टी उघड करणार आहे. बघायची असेल तर आधी बघून या. पण आज नुसती मालिकेची गोष्ट नाहीये. माझ्या मामांचं एक प्रकरण आहे, आणि त्यानंतर मला ही मालिका पहिल्यासारखी बघताच आली नाही. ते पुढे सांगतो.

गोष्ट थोडक्यात

'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३ चालली. त्यातला भडक सूट घालणारा, जाहिराती करणारा वकील म्हणजे सॉल गुडमन. तो असा कसा झाला, ते सांगायला विन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी वेगळी मालिका केली. २०१५ ते २०२२, सहा सीझन, ६३ भाग. एमीसाठी ५३ नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. आपल्याकडे 'इतका अभ्यास करून पोरगं पहिलं आलं नाही' म्हणतात, तसली गत.

सॉलचं खरं नाव जिमी मॅकगिल. शिकागोजवळच्या सिसेरो गावचा. तरुणपणी मुद्दाम घसरून पडायचा आणि लोकांकडून भरपाई उकळायचा, म्हणून 'स्लिपिंग जिमी'. एका भानगडीत अटक होते, मोठा भाऊ चक त्याला सोडवतो आणि आपल्या मोठ्या लॉ फर्मच्या टपाल खोलीत चिकटवतो. जिमी कोणाला न सांगता पत्राद्वारे कायद्याची पदवी घेतो आणि वकील होतो. ऑफिस कुठे? नेल सलूनच्या मागच्या खोलीत. कामं कसली? ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची, सरकारी दराने, एका खटल्यामागे ७०० डॉलर.

इथपर्यंत आपण पूर्ण त्याच्या बाजूने असतो. कष्ट करतोय, सुधारायला बघतोय, भाऊ मात्र मान्य करत नाही. पण अडलं की जिमीचा हात जुन्या सवयीकडे जातो. भावाच्या फाइलमधला पत्त्याचा आकडा तो १२१६ चा १२६१ करतो. दोन आकड्यांची अदलाबदल, आणि मोठं बँक ग्राहक भावाच्या फर्मच्या हातून जातं. पुढे वेगळ्या प्रकरणात त्याची सनद एक वर्षासाठी निलंबित होते. ती परत मिळवताना समितीपुढे तो भावाच्या आठवणीने गहिवरून बोलतो. समितीचे डोळे पाणावतात. बाहेर आल्यावर कळतं, सगळं नाटक होतं.

आपल्याकडे हे चाललं असतं का?

हा प्रश्न मी एका वकील मैत्रिणीला विचारला. ती म्हणाली, "पहिल्याच पायरीवर अडकला असता रे." मग बसून यादी केली.

एक, पदवी. भारतात बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिली करायची तर एलएलबी नियमित वर्गात बसूनच करावी लागते. पत्राद्वारे घेतलेल्या पदवीवर सनद नाही. वर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हायला लागतं.

दोन, भूतकाळ. इथे मला आश्चर्य वाटलं. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४ अ नुसार, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला वकील म्हणून नोंद मिळत नाही. पण कायमची बंदी नाही. सुटकेनंतर दोन वर्षांनी ती अट संपते. म्हणजे कायदा म्हणतो, माणूस बदलू शकतो. चकला जे कधी पटलं नाही, ते आपल्या कायद्यात लिहून ठेवलंय.

तीन, जाहिरात. अमेरिकेत १९७७ मध्ये बेट्स विरुद्ध ॲरिझोना स्टेट बार या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने वकिलांना जाहिरातीची मुभा दिली. म्हणून सॉल टीव्हीवर बोट दाखवत ओरडू शकतो. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम ३६ आहे. जाहिरात नाही, दलालांमार्फत ग्राहक आणणं नाही, पाटीसुद्धा बेताच्या आकाराची. २००८ पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं देता येतं, बस्स.

चार, फी. मालिकेत वृद्धाश्रमाविरुद्धचा मोठा दावा आहे, सँडपायपरचा. तडजोड झाली की जिमीला दहा लाख डॉलरच्या वर मिळणार असतात. म्हणून तो आयरीन नावाच्या साध्या आजीबाईंना मैत्रिणींपासून तोडतो, एकटं पाडतो, की त्या लवकर सही करतील. आपल्याकडे 'जिंकलो तर इतके टक्के माझे' असा करारच वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलचे नियम तो अडवतात. कोणी तुम्हाला अशी ऑफर दिली तर समजून जा, गाडी चुकीच्या रुळावर आहे.

आता मामांची गोष्ट

मामा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. त्यांनी ओळखीतल्या एकाला दोन लाख उसने दिले होते. परतफेडीचा चेक आला आणि बाउन्स झाला. कोणीतरी एका माणसाची ओळख करून दिली. पांढरा शर्ट, काळा कोट, हातात फायली. बोलायला इतका गोड की मामी त्याला दर वेळी पोहे करून द्यायची. "तुम्ही काळजीच करू नका काका, तुमच्या मुलासारखा आहे मी," हे त्याचं वाक्य.

त्याने नोटीस पाठवली. मग "केस टाकली" म्हणून अठरा हजार घेतले. मग तारखा सांगायला लागला. "तुम्ही नका येऊ, तुमचा खाडा होईल, मी बघतो." मामांना ते बरंच वाटलं, कारण खाडा म्हणजे दिवसाचा पगार गेला. पाच महिने असे गेले.

एका रविवारी मी सहज म्हटलं, केस नंबर द्या, फोनवर बघू. नंबर नव्हता. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या ॲपमध्ये मामांच्या नावाने शोधलं. काहीच नाही. स्पेलिंग बदलून बघितलं, दुसऱ्या कोर्टात बघितलं. तरी नाही. मामा शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "नेटवर्क नसेल रे." नेटवर्क फुल होतं.

केस कधी दाखलच झाली नव्हती. तो माणूस वकीलही नव्हता.

यात पैशापेक्षा वाईट काय, ते समजून घ्या. चेक बाउन्सचा कायदा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८, मुदतीवर चालतो. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. ही शेवटची मुदत मामांच्या हातून गेली होती, आणि ती गेलीय हे त्यांना माहीतच नव्हतं.

वाचले ते थोडक्यात. नोटीस वेळेत गेली होती, आणि ती वकिलानेच पाठवायला हवी असं नसतं, ज्याचे पैसे आहेत तो स्वतःही पाठवू शकतो. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफी मागता येते. खऱ्या वकीलबाईंनी तसा अर्ज केला, तो मंजूर झाला, केस आता सुरू आहे. अठरा हजार गेले ते गेले. पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे.

मामांना पैशापेक्षा लाजच जास्त वाटली. "मी एवढा खुळा कसा," हे ते अजून म्हणतात. मंडळी, ते खुळे नाहीत. जिमी बघताना आपण एवढी हुशार माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवतोच की. फरक एवढाच, आपण पडद्याच्या या बाजूला असतो. मामा आयरीन आजींच्या जागी होते.

वाईट भूतकाळ, तरीही वकील

मग भूतकाळ असलेल्या माणसावर विश्वास ठेवायचाच नाही का? इथे मला मुंबईचे शाहिद आझमी आठवतात. ते ठग नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी आहे. १९९२ च्या दंगलीनंतर पोरवयात काश्मीरच्या वाटेला गेले, तिथून परत आले, टाडाखाली अटक झाली, तिहारमध्ये कित्येक वर्षं काढली. आत शिकले. २००१ मध्ये सुटल्यावर कायद्याची पदवी घेतली आणि ज्यांचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार नसे अशा गरीब आरोपींच्या केसेस लढले. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यात त्यांच्या ऑफिसात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. तेव्हा ते २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारीचे वकील होते. त्याच वर्षी मे महिन्यात अन्सारी त्या आरोपांतून निर्दोष सुटला, आणि तो निकाल सुप्रीम कोर्टापर्यंत टिकला. हंसल मेहतांचा 'शाहिद' त्यांच्यावरच आहे.

शाहिद यांचं काम कोर्टात, सगळ्यांसमोर, पुराव्यावर तपासलं गेलं. जिमीचं यश मात्र समोरच्याला काही कळू न देण्यावर उभं होतं. वकील निवडताना मला आता हा फरक बघावासा वाटतो. त्याचा भूतकाळ काय, यापेक्षा तो मला कागद दाखवतो का, हे महत्त्वाचं.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. सनद क्रमांक विचारा. महाराष्ट्रात तो 'एमएएच', मग आकडा, मग वर्ष असा असतो. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे खात्री करता येते. विचारलं म्हणून खरा वकील रागावत नाही.

२. वकीलपत्रावर सही करताना वाचा, फोटो काढा. फीची पावती मागा.

३. केस दाखल झाली की १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख स्वतः बघता येते.

४. पैसे नसतील तर मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. आणि आपल्या पट्ट्यासाठी महत्त्वाचं, 'औद्योगिक कामगार' हाही त्याच यादीत आहे. मामांना आधीच माहीत असतं तर! हेल्पलाइन १५१००.

५. सनद नसताना वकिली करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. खरा वकील चुकला तर राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. समज देण्यापासून नाव कायमचं काढण्यापर्यंत शिक्षा आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शिवाजीनगरच्या कोर्टात आहे. दापोडीहून मेट्रोत बसा, जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा. एवढं जवळ.

शेवटच्या भागात जिमी आपल्या जिभेच्या जोरावर जन्मठेपेची शिक्षा अगदी थोड्या वर्षांवर आणतो. आणि मग किमसमोर, भर कोर्टात, सगळं खरं सांगून टाकतो. शिक्षा होते ८६ वर्षं. त्या दिवशी तो न्यायाधीशांना म्हणतो की त्याला जेम्स मॅकगिल म्हणा. तो प्रसंग मी मामांसोबत पुन्हा बघितला. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, मी मधे मधे सांगत होतो. संपल्यावर म्हणाले, "आपलावाला असं उभा राहून बोलेल का रे कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांच्या पुढच्या तारखेला मी सोबत जाणार आहे, खाडा झाला तरी चालेल. तुमच्या घरी कोणाची केस चालू असेल तर आज रात्री जेवताना एकदा सीएनआर नंबर विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.