अनाथ नाही, पण यतीम आहे

रमजानचे शेवटचे दहा रोजे सुरू झाले की नगरच्या मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठला या भागांत याद्या होऊ लागतात. जकात कोणाला द्यायची, फितरा कोणापर्यंत पोहोचवायचा, याचा विचार घरोघरी चालतो. फितरा तर ईदच्या नमाजाआधीच द्यायचा असतो, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी. या यादीत नवरा गमावलेली, पदरात दोन-तीन लेकरे असलेली आई हमखास असते. ईदला तिच्या मुलांना नवे कपडे मिळतात, शिरखुर्म्याचे सामान मिळते. पण शाळेची फी, वह्या, दप्तर यांची गरज जूनमध्ये पडते आणि भूक तर रोजचीच. वर्षाचे उरलेले अकरा महिने त्या आईने काय करायचे?

याचे एक उत्तर शासनाच्या योजनेत आहे. महिला व बाल विकास विभागाची बालसंगोपन योजना आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. वडील किंवा आई वारली असेल, घटस्फोट झाला असेल, एकाने घर सोडले असेल, पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले असतील किंवा तुरुंगात असतील, तर अठरा वर्षांखालील मुलासाठी दरमहा मदत मिळते. पूर्वी ही रक्कम ४२५ रुपये होती. पुढे ती ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० रुपये. वर्षाचे २७ हजार होतात. धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतमजुरीला जाणाऱ्या बाईला ही रक्कम काय आहे, हे वेगळे सांगायला नको.

तरीही अनेक आया अर्जच करत नाहीत. कारण एका शब्दात दडले आहे. योजना 'अनाथ मुलांसाठी' आहे असे त्यांच्या कानावर आलेले असते. मराठीत अनाथ म्हटले की आई-बाप दोन्ही नसलेले मूल डोळ्यांसमोर येते. "मी जिवंत आहे ना, मग माझं लेकरू अनाथ कसं?" असे ती म्हणते, आणि आई म्हणून तिचे बरोबरच असते. इथे अरबीतला 'यतीम' हा शब्द उपयोगी पडतो. वयात येण्यापूर्वी ज्याचे वडील गेले, ते मूल यतीम. मग आई हयात असली तरीही. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. जन्माआधीच वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली. आधी आजोबांनी, मग चुलते अबू तालिब यांनी त्यांना आपल्या घरात वाढवले. बालसंगोपन योजनेचा गाभाही हाच आहे. गरिबीमुळे मूल संस्थेत टाकावे लागू नये, ते आपल्या माणसांत वाढावे.

ही योजना घरोघरी माहीत झाली ती कोरोनानंतर. त्या दोन वर्षांत जिल्ह्यातल्या अनेक घरांतला कमावता माणूस गेला. अकोल्याचे शिक्षक-लेखक हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली. कार्यकर्त्यांनी अशा महिलांना शोधून त्यांचे अर्ज भरून घेतले. शासनानेही 'मिशन वात्सल्य'खाली तालुक्यातालुक्यात समित्या नेमल्या. पाथर्डीची ऊसतोड करणारी आई असो, अकोल्याच्या आदिवासी पाड्यावरची असो की मुकुंदनगरातली, तिच्या मुलाची अडचण एकच आहे आणि अर्जही एकच.

अडथळे मात्र आहेत. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँक पासबुक अशी कागदपत्रे जमवावी लागतात. त्यासाठीच्या प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. मग घरी पाहणी होते आणि बालकल्याण समिती मंजुरी देते. मंजुरीनंतरही पैसे महिनोन् महिने रखडतात आणि एकदम येतात, ही जुनी तक्रार आहे. किराणा दुकानदार तोवर थांबत नाही. मदत उशिरा आली की उधारी वाढते, आणि घरातला मोठा मुलगा शाळा सोडून गॅरेजवर किंवा हॉटेलात कामाला लागतो. एकदा कामाला लागलेला मुलगा परत वर्गात आणणे फार कठीण. म्हणून पैसे किती, यापेक्षाही दर महिन्याला वेळेवर, हे मुलाच्या आयुष्यात जास्त मोलाचे ठरते.

मोहल्ल्यातली जकातीची यादी इथे कामी येऊ शकते. कोणत्या घरातला कर्ता गेला, कोणाची मुले किती लहान, हे त्या यादीइतके नेमके सरकारी दप्तरालाही ठाऊक नसते. गणेश मंडळाचे कार्यकर्ते, गावातल्या अंगणवाडी सेविका, शाळेतले गुरुजी यांच्याकडेही अशी माहिती असतेच. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एवढेच विचारायचे : बालसंगोपनचा अर्ज भरला का? नसेल भरला, तर एखाद्या शिकलेल्या तरुणाने त्या माउलीसोबत तहसीलला आणि जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जायचे. फॉर्म लिहून द्यायचा, झेरॉक्सचे पैसे द्यायचे, पुढचे दोन-तीन महिने पाठपुरावा करायचा.

ईदचा कपडा एका मोसमात आखूड होतो. वेळेत भरलेला एक अर्ज मात्र त्या लेकराला अठरा वर्षांचे होईपर्यंत आधार देऊ शकतो.