काय खेळायचं नाही, ते आधी ठरवा

दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरात आठ-दहा माणसं जमतात, जेवणं उरकतात, सतरंजी पसरली जाते आणि 'काय खेळायचं?' यावर अर्धा तास निघून जातो. कुणी 'काहीही चालेल' म्हणतं, कुणी मोबाइल काढून बसतं, शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा खेळ सुरू होतो आणि थोड्याच वेळात निम्मी मंडळी कंटाळतात. माझ्या मते गडबड त्या प्रश्नातच आहे. तो प्रत्येकाची आवड विचारतो, आणि वेगवेगळ्या आवडी एकत्र करून सगळ्यांची एक आवड काढता येईल असं गृहीत धरतो. तशी ती बहुतेक वेळा निघत नाही. काय जमणार नाही आणि कुणाला काय नकोच आहे, हे आधी विचारलं तर निर्णय लवकर होतो आणि रात्रही चांगली जाते.

मतं घेतली की प्रश्न सुटला, असं वाटतं. सहा जण आहेत आणि मेंढीकोट, झब्बू, बदाम सात असे तीन खेळ समोर आहेत असं धरू. दोघांची पसंती मेंढीकोट, मग झब्बू, मग बदाम सात अशी आहे. दुसऱ्या दोघांची झब्बू, बदाम सात, मेंढीकोट अशी, आणि उरलेल्या दोघांची बदाम सात, मेंढीकोट, झब्बू अशी. आता दोन-दोन खेळांची तुलना करा. झब्बूपेक्षा मेंढीकोट चौघांना हवा, बदाम सातपेक्षा झब्बू चौघांना हवा आणि मेंढीकोटपेक्षा बदाम सातही चौघांनाच हवा. कुठलाही खेळ निवडला तरी सहापैकी चौघांना दुसरा एखादा खेळ त्याहून बरा वाटणार. हा पेच फ्रेंच गणिती काँदोर्से याने १७८५ मध्ये मांडला, आणि १९५१ मध्ये केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तीन किंवा अधिक पर्याय असले की पसंतीक्रमांवरून सामूहिक निर्णय काढण्याची कुठलीच पद्धत न्याय्यतेच्या सगळ्या साध्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. थोडक्यात, सतरंजीवरच्या वादाला कुणाचा हट्टीपणाच कारणीभूत असतो असं नाही.

'काहीही चालेल' हे उत्तर तर त्याहून फसवं. जेरी हार्वे या अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञाने १९७४ मध्ये टेक्सासमधल्या एका कुटुंबाची गोष्ट लिहिली. रणरणत्या दुपारी ओसरीवर डॉमिनो खेळत मजेत बसलेली माणसं, एकाने सुचवलं म्हणून, जेवायला ८५ किलोमीटरवरच्या ॲबिलीन गावी गेली. परतल्यावर कळलं की जायचं कुणालाच नव्हतं. दुसऱ्यांना हवंय असं समजून जो तो हो म्हणाला होता. आपल्याकडे पाहुणे यजमानांचं मन राखतात, धाकटे थोरांचं, आणि नवी सून तर सगळ्यांचंच. म्हणून होकाराला आपल्या घरांत फारसा अर्थ नसतो. नकार मात्र खरा असतो, फक्त तो देण्याची मोकळीक द्यावी लागते.

तेव्हा चाळणी लावायची. पहिली माणसांच्या संख्येची, कारण तिथे वादच उरत नाही. पाच-तीन-दोन तिघांचाच खेळ. मेंढीकोट चौघांचा, सहा जण असतील तर चार दुर्र्या काढून प्रत्येकी आठ पानं वाटता येतात, पण सातवा माणूस आला की भिडूंची जोडणी मोडते. 'कटान'च्या मूळ पेटीत तीन किंवा चार जणांचीच सोय आहे. सात-आठ जणांत बदाम सात, चॅलेंज, झब्बू असेच खेळ टिकतात. दुसरी चाळणी वेळेची. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: सर्वांत नवख्या खेळाडूला पहिल्या डावात काही करता येईल का? मेंढीकोटमध्ये चुकीचं पान टाकून दश्शी घालवली की भिडूचंही नुकसान होतं, त्यामुळे नवखा माणूस बिचकतो. बदाम सातमध्ये लागतं ते पान लावायचं, नसेल तर पास म्हणायचं. चूक झाली तरी तिचा भार एकट्यावर. एवढं झालं की प्रत्येकाने एक खेळ नाकारावा, कारण न देता. उरलेल्यांपैकी चालतील त्या सगळ्या खेळांना हात वर करावेत आणि सर्वाधिक हात ज्याला, तो सुरू करावा. काँदोर्सेचा पेच याने नाहीसा होत नाही. पण इथे आपण सर्वांत लाडका खेळ शोधतच नसतो, जास्तीत जास्त लोकांना चालणारा शोधत असतो.

यावर मुरलेले खेळाडू म्हणतील, अशाने दर वेळी बदाम सातच वाट्याला येईल. आक्षेप रास्त आहे. हुकूम कधी फोडायचा, भिडूच्या हातात काय असेल, याचा विचार करण्यात ज्यांना आनंद आहे त्यांच्यावर सोप्या खेळांची सक्ती हाही अन्यायच. त्यावर उपाय गट पाडण्याचा. आठ जणांनी एकच खेळ खेळावा असा नियम कुणी केलाय? चौघांनी मेंढीकोट मांडावा, चौघांनी झब्बू, आणि दोन डावांनी माणसं बदलावीत. एखादा रुसका माणूस नकाराच्या जोरावर सगळ्यांना वेठीस धरेल ही भीतीही आहे, पण नकार एकच असल्याने त्याचा जोर तेवढाच राहतो. आणि मौजेसाठी एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांनी तो अर्धा तास आठवावा; ही सगळी विचारपूस पाच मिनिटांत होते. त्यातच आणखी एक गोष्ट उरकून घ्यावी. हुकूम बंद की कट, पहिलं पान कुणाचं, हे घराघरांत वेगळं असतं. ज्याच्या घरी डाव, त्याच्या घरचे नियम. आणि ते पानं वाटण्याआधी मोठ्याने सांगून टाकायचे.