बुलढाणा जिल्ह्यातील केशपात, २०२४–२५

बुलढाणा जिल्ह्यातील केशपात, २०२४–२५ : महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उद्भवलेला सामूहिक केसगळतीचा विकार. बोंडगाव, कालवड, हिंगणा इ. गावांत तो प्रथम आढळला. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस सहज हातात येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. पुढे १८ गावांतील २७९ जणांना तो झाल्याची नोंद झाली; त्यांत बालके, तरुण मुली व वृद्ध असे सर्व वयांचे लोक होते. विकार प्राणघातक नव्हता. तथापि मुलेमुली शाळा-महाविद्यालयांत जाईनाशी झाली, विवाह जुळण्यात अडथळे आले व अनेकांनी मुंडनच करून घेतले. त्यामुळे त्यास केवळ सौंदर्याचा प्रश्न मानणे योग्य ठरणार नाही.

स्थानिक आरोग्य यंत्रणेने आरंभी कवकसंसर्गाचा (बुरशीचा) संशय घेतला. पाण्याचीही तपासणी झाली व काही नमुन्यांत नायट्रेट आणि विरघळलेले क्षार यांचे प्रमाण अधिक आढळले. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत मिळून सु. ४,७०० चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेला असल्याने पाण्याकडे बोट दाखविले जाणे स्वाभाविक होते. परंतु खारे पाणी पिढ्यान्‌पिढ्यांचे आणि विकार आठवड्याभराचा, हे कोडे त्याने सुटत नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ञ पथक गावांत दाखल झाले व त्याने रुग्णांचे आणि परिसरातील नमुने गोळा केले. ही परिषद १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या नावाने स्थापन झाली, १९४९ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि २००७ मध्ये केंद्र शासनाने निर्माण केलेल्या आरोग्य संशोधन विभागाच्या कक्षेत ती आली. विषाणुविज्ञान संस्था (पुणे) ही तिचीच. किलोग्रॅमभर धान्यातील मिलिग्रॅमभर वा रक्तातील त्याहून सूक्ष्म मूलद्रव्य मोजण्याची साधने प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतात; म्हणून अशा प्रसंगी मध्यवर्ती संस्थेची गरज भासते. हे अंतर कमी करण्यासाठी विभागाने आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रांची योजना आखली असून महाराष्ट्रात असे केंद्र डहाणू (पालघर जिल्हा) येथे आहे. शेगावहून ते फारच दूर, हे सांगावयास नकोच.

दरम्यान महाड येथील वैद्य व विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर ख्यातनाम असलेले हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपास केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार रुग्णांच्या रक्तात सिलिनियम सु. ३५ पट, मूत्रात ६० पट व केसांत १५० पट वाढले होते, तर जस्त घटले होते. शिधावाटप दुकानातून मिळालेल्या गव्हात दर किग्रॅ.मागे १४·५२ मिग्रॅ. सिलिनियम आढळले, धुतलेल्या गव्हातही १३·६१ मिग्रॅ. होते. ते वरून चिकटलेले नसून दाण्यातच सामावलेले होते, असा याचा अर्थ होतो.

सिलिनियम (बर्झीलियस यांचा शोध, १८१७) शरीराला आवश्यक आहे. मात्र प्रौढास दररोज सु. ५५ मायक्रोग्रॅम पुरतात व ४०० मायक्रोग्रॅम ही सुरक्षित कमाल मर्यादा मानतात. वरील प्रकारचा ३०० ग्रॅम गहू रोज खाल्ल्यास सु. ४,३५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ ११ पट सिलिनियम पोटात जाईल. रासायनिक दृष्ट्या ते गंधकाचे सजातीय आहे. केसांतील केराटिनाला बळकटी देणाऱ्या गंधकबंधांत ते शिरते व केस मुळाशी दुबळे होऊन गळतात [⟶ केस]. चीनमधील हूपे प्रांतातील एन्‌शी येथे १९६१–६४ या काळात अशीच विषबाधा झाली होती; तेथे कोळशातील सिलिनियम मातीत व पिकांत उतरले होते आणि बाधित भागातील दैनिक सेवन सु. ५ मिग्रॅ. होते. दोन्ही आकड्यांतील जवळीक लक्षणीय आहे. भारतात पंजाबच्या शिवालिक पायथ्याकडील होशियारपूर व शहीद भगतसिंगनगर जिल्ह्यांतील काही जमिनी सिलिनियमयुक्त आहेत आणि शेगावातील गहू पंजाबातून आल्याचे बावस्कर यांचे म्हणणे आहे. पंजाबातून त्याला आक्षेपही घेण्यात आला.

हे अनुमान बलवान असले, तरी त्याला पुरावा हवा. एकाच योजनेतील गहू अनेक तालुक्यांत वाटला जातो. मग विकार मोजक्याच गावांत का, याचे उत्तर पोत्यांच्या खेपा, गोदामाच्या नोंदी आणि त्याच गावांतील बाधा न झालेल्या कुटुंबांचा आहार यांच्या तुलनेतूनच मिळू शकते. केसांचाही येथे उपयोग होतो. केस महिन्याला सु. १ सेंमी. वाढतो, त्याचे तुकडे करून तपासल्यास सिलिनियम केव्हा शरीरात शिरले याचा कालपट हाती येतो. असे काम साथ ओसरल्यावरही बराच काळ चालू ठेवावे लागते आणि नेमके तेव्हाच लोकांचे व वृत्तपत्रांचे लक्ष उडालेले असते.

अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. मात्र एप्रिल २०२५ मध्ये याच तालुक्यातील काही गावांत नखे ठिसूळ होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. हाताच्या बोटांचे नख महिन्याला सु. ३ मिमी. वाढते, त्यामुळे त्याच्या मुळाशी झालेली इजा बाहेर दिसण्यास काही महिने लागतात. सिलिनियमाच्या विषबाधेत केसांपाठोपाठ नखे जाणे हे लक्षण एन्‌शी येथेही नोंदले गेले होते.