दूरच्या ग्रहांचा शोध

आपला सूर्य हा एक तारा आहे. त्याच्याभोवती पृथ्वीसह आठ ग्रह फिरतात. मग इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह असतील का?

ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. ताऱ्याच्या झगझगाटापुढे तो दिसत नाही. मात्र कंदिलासमोरून पतंग उडत गेला, तर उजेड किंचित कमी होतो. त्याचप्रमाणे ग्रह ताऱ्यासमोरून गेला, की ताऱ्याचा प्रकाश थोडा मंदावतो.

हा फरक अगदी सूक्ष्म असतो. समजा, १२ हजार दिवे जळत आहेत. त्यांतला एकच विझला, तर किती उजेड कमी होईल? पृथ्वीएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेल्यास सुमारे तेवढाच प्रकाश कमी होतो. वातावरणामुळे तारे लुकलुकतात. त्यामुळे जमिनीवरून हे मोजणे फार कठीण असते. त्यासाठी दुर्बीण अवकाशातच हवी.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ विल्यम बोरुकी यांनी अशी योजना नासा या संस्थेपुढे मांडली. ती चार वेळा नाकारली गेली. बोरुकींनी प्रत्येक आक्षेपाचा विचार केला, प्रयोगशाळेत प्रयोग केले आणि पुन्हा अर्ज केला. अखेर २००१ साली मंजुरी मिळाली. मार्च २००९ मध्ये 'केप्लर' दुर्बीण अवकाशात झेपावली.

हंस व स्वरमंडल या तारकासमूहांच्या दिशेने तिने सुमारे दीड लाख ताऱ्यांवर चार वर्षे नजर ठेवली. हंसातील तेजस्वी ताऱ्याला 'देनेब' म्हणतात. 'शेपूट' या अर्थाच्या अरबी शब्दावरून हे नाव आले आहे.

प्रकाश एकदा कमी झाला, म्हणून ग्रह सापडला असे होत नाही. ठरावीक काळाने तो निदान तीनदा कमी व्हावा लागतो. ग्रहाचे वर्ष आपल्याएवढे असेल, तर त्यासाठी दोन-तीन वर्षे थांबावे लागते.

२०१३ साली दुर्बीण स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी दुसरे चाकही बंद पडले. आता काम संपले, असे वाटले. पण अभियंत्यांनी सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन ती स्थिर केली. २०१८ साली इंधन संपले, तेव्हा तिचे काम थांबले. तिच्या निरीक्षणांतून २,६०० हून अधिक ग्रह सापडले.

आज रात्री आकाशाकडे पाहा. त्या ताऱ्यांपैकी अनेकांभोवती ग्रह फिरत आहेत. आपल्याला हे ठाऊक झाले, कारण चार वेळा नकार ऐकूनही एका माणसाने पाचव्यांदा अर्ज केला.